हाळी आणि कान

(पडद्यावर : बीड जिल्ह्यातलं एक गाव. निम्म्या घरांना कुलपं.)

दसरा झाला की या गावातून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांची, खाडा पडला तर दंडही दोघांना. पाळीचे दिवस, पोटातली कळ, अंगावरून जाणं यांना त्या हिशेबात जागा नाही. मग बाई सांगते, "दोन लेकरं झाली, पिशवी काढून टाकली." २०१९ मध्ये सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.

लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम? हा प्रश्न इथे फार सहज विचारला जातो. त्याचं उत्तर शोधताना आम्ही एका उंदरापाशी पोचलो.

(पडद्यावर : ज्वारीचं रान. लांबून कुणाची तरी हाळी.)

रानात कुणी हाळी दिली, तर ज्याच्या कानावर पडते तोच ओ देतो. शरीरातही तसंच आहे. अंडाशयातून निघालेलं इस्ट्रोजेन हे हार्मोन रक्तातून अंगभर फिरतं, पण ज्या पेशीत त्याचा रिसेप्टर असेल तीच हलते. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या केंद्रकातलं एक प्रथिन. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की त्याचा आकार बदलतो, दोन-दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवर बसतात आणि ठरावीक जनुकांना कामाला लावतात. हा पेशीचा कान. तो घडवणारं मुख्य जनुक म्हणजे ईएसआर-१.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात डेनिस लुबान, ऑलिव्हर स्मिथीज, केनेथ कोराच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक मोडलेले उंदीर तयार केले. या जनुकाशिवाय गर्भ जगणारच नाही, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. पिल्लं जगली. वरून पाहिलं तर चारचौघांसारखीच.

माद्या मात्र कधीच गाभण राहिल्या नाहीत. गर्भाशय होतं, पण बारीक, न भरलेलं. एरवी इस्ट्रोजेन टोचलं की मादीचं गर्भाशय फुगतं, त्याचं वजन वाढतं. इथे काहीच नाही. अंडाशयात रक्ताने भरलेल्या गाठी होत्या, बीज सुटत नव्हतं. आणि रक्तात इस्ट्रोजेन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त! मेंदूलाही ते ऐकू येत नव्हतं, म्हणून तो अंडाशयाला आणखी आणखी रेटत राहिला.

आम्ही खरे थबकलो ते नरांपाशी. इस्ट्रोजेन हे 'बायकांचं' हार्मोन, मग हे नर नापीक का? उत्तर १९९७ मध्ये रेक्स हेस आणि सहकाऱ्यांनी दिलं. वृषणात शुक्राणू भरपूर पाण्यासोबत तयार होतात. पुढच्या बारीक नळ्या त्यातलं बहुतेक पाणी शोषून घेतात आणि शुक्राणू दाट होऊन पुढे जातात. हे शोषण इस्ट्रोजेनच्या कानावर चालतं. कान नसला की पाणी तुंबतं, मागे दाबतं. सततच्या पावसात रानातलं पाणी निघालं नाही तर कपाशी जशी पिवळी पडते, तसं वृषण हळूहळू सुकत जातं. मूल होत नाही म्हणून गावोगाव एकट्या बाईला बोल लावणाऱ्यांनी ही नळी एकदा डोळ्यांनी पाहावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

माणसातही असा एक जण सापडला. १९९४ मध्ये त्याची नोंद झाली. वय २८, उंची २०४ सेंटिमीटर, आणि उंची अजून वाढतच होती. हाडांची टोकं जुळलेली नव्हती आणि हाडं ठिसूळ होती. जनुक तेच, बिघडलेलं. बाहेरून इस्ट्रोजेन देऊनही उपयोग झाला नाही. पुढे कान नसलेल्या उंदरांच्या अंगावर जास्त चरबी साठते आणि साखरेचं गणितही बिघडतं, हेही दिसलं.

(पडद्यावर : पुन्हा तेच गाव. उंबऱ्यावर बसलेली बाई, गुडघ्यावर हात.)

उंदरात हाळी होती, कान नव्हता. इथे उलटं घडतं. नुसती पिशवी काढली तर अंडाशयं मागे राहतात, हाळी चालू राहते. तीही पुष्कळदा वेळेआधी थकते. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही गेली, तर तिशीतच इस्ट्रोजेन जवळजवळ थांबतं. कान मात्र सगळे जागेवर असतात, हाडांत, रक्तवाहिन्यांत, मेंदूत. मग अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं झिजायला लागतात आणि मोळी उचलताना कंबर धरते.

म्हणून आम्ही तिला एवढंच विचारलं, "मावशी, नेमकं काय काय काढलं?"

"पिशवी."

दवाखान्याचा कागद तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. तिला वाचता येत नाही. दहावीतल्या लेकीने घडी उलगडली, बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि एका शब्दावर थांबली.

"आई, अंडाशय म्हणजे गं काय?"