ठसा आणि घड्याळ

(दृश्य : बेळगाव, उद्यमबाग. सकाळची पाळी. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग हार्डनेस मशीनखाली सरकतं.)

उद्यमबागेत हार्डनेस बघायचा म्हणजे बॉल मारायचा. 10 मिलिमीटरचा गोळा, 3000 किलोंचा भार, 10 ते 15 सेकंद दम धरायचा, मग भार काढून ठशाचा व्यास मोजायचा. ब्रिनेल यांनी 1900 साली मांडलेली ही पद्धत. कास्ट आयर्नवरचा हा ठसा आज मोजा नाहीतर दिवाळीला मोजा, तेवढाच भरतो.

(दृश्य : चष्म्याची काच, अगदी जवळून.)

ही काच प्लॅस्टिकची आहे. तिच्यावर काही मायक्रॉनचा पारदर्शक थर आहे, हायब्रीड पॉलिमरचा. सिलिकाचं जाळं आणि त्यात रासायनिक बंधांनी गुंतलेल्या सेंद्रिय साखळ्या. सिलिकामुळे ओरखडा पडत नाही, साखळ्यांमुळे तडा जात नाही. इथं ठसा घ्यायचा तर थराच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापेक्षा खोल जायचं नाही, नाहीतर खालच्या प्लॅस्टिकचाच हार्डनेस मोजला जातो. म्हणजे 5 मायक्रॉनच्या थरात जेमतेम अर्धा मायक्रॉन. टोक हिऱ्याचं, तीन पैलूंचं, बर्कोविच नावाचं. भार 2 मिलिन्यूटन. तांदळाचे आठ-दहा दाणे तळहातावर घ्या, एवढंच वजन.

(दृश्य : संगणकाचा पडदा. रेष हळूहळू चढते.)

ही रेष टोकावरचा भार आणि टोक किती खोल गेलं, ते दाखवते. आता तिच्यावरची नजर हलवू नका. भार पूर्ण झाला, तिथंच स्थिर धरला. तरीही टोक आत चाललंय! आधी भरभर, मग रेंगाळत. याला क्रीप म्हणतात. साखळ्या एकमेकींवरून सरकून टोकाला वाट देतात, सिलिकाचं जाळं त्यांना आवरून धरतं.

हे सरकणं थांबायच्या आत भार काढायला घेतला, की घोटाळा होतो. भार उतरतोय आणि टोक अजून खालीच जातंय. आलेखाला नाक फुटतं. ऑलिव्हर आणि फार यांच्या 1992 च्या पद्धतीत भार उतरतानाच्या रेषेच्या चढावरूनच थराचा ताठपणा काढतात, आणि इथं ती रेषच उलटी वळलेली असते. मला जास्त धास्ती वाटते ती नाक न दिसणाऱ्या आलेखाची. तिथं रेष जरा जास्त उभी येते, थर आहे त्याहून ताठ ठरतो आणि कुणाला शंकाही येत नाही. म्हणून भार किती वेळात चढवला, किती सेकंद धरला, किती वेळात उतरवला, हे रिपोर्टवर नसेल तर असा रिपोर्ट मी परत पाठवीन.

(दृश्य : खिडकीबाहेर जुलैतला पाऊस.)

त्या दिवशी हवा किती दमट होती, तेही लिहायला हवं. ओल थरात शिरते, साखळ्या सैल पडतात आणि तोच थर जास्त सरकतो.

(दृश्य : मायक्रोस्कोपखाली तोच ठसा, तासाभरानं.)

त्रिकोणाचे कोपरे आहेत तिथंच आहेत. मधला खड्डा मात्र मघापेक्षा उथळ झालाय.