वैमानिकी घड्याळाची तबकडी

मित्रहो, रात्रीच्या विमानांशी नागपूरचे नाते जुने आहे. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत उडत. अंधारात वेळ बिनचूक वाचता यावी, ही उडणाऱ्या माणसाची गरज होती. आज काही लाखांना विकल्या जाणाऱ्या वैमानिकी घड्याळाचे रूप त्याच गरजेने ठरवले आहे.

स्वित्झर्लंडमधील शाफहाउझन येथील आयडब्ल्यूसी या घड्याळ कंपनीने १९४० साली जर्मन हवाईदलासाठी बनवलेल्या घड्याळाचा व्यास तब्बल ५५ मिलिमीटर होता. त्याचा खरा धनी वैमानिक नसून शेजारचा नेव्हिगेटर, म्हणजे विमानाचा मार्ग काढणारा होता. ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची सेक्स्टंट या कोनमापक यंत्राने मोजताना वेळ चार सेकंदांनी चुकली, तर रेखांश एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने सरकतो. नागपूरच्या अक्षांशावर ही चूक सुमारे पावणेदोन किलोमीटरची होते. म्हणूनच चावी बाहेर ओढताच सेकंदकाटा जागीच थांबे आणि घड्याळ संदर्भवेळेशी सेकंदासेकंदाने जुळवता येई. ती चावी कांद्याच्या आकाराची आणि ठसठशीत, कारण फिरवणाऱ्याच्या हातात जाड मोजे असत. काळ्या तबकडीवर बाराच्या जागी त्रिकोण आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ठिपका. घड्याळ हातावर कसेही फिरलेले असले, तरी वरची बाजू कोणती हे त्यावरून क्षणात कळे. पट्टा जाकिटाच्या बाहीवरून बांधता यावा इतका लांब असे. जाहिरातींत या साऱ्याला ‘साहसाचा वारसा’ म्हटले जाते. ही घड्याळे कोणाच्या युद्धासाठी बनली, हे मात्र सोयीस्करपणे वगळले जाते.

ब्रिटिश हवाईदलासाठी त्याच कंपनीने १९४८ मध्ये बनवलेले ‘मार्क ११’ मला अधिक भावते. ते अवघे ३६ मिलिमीटरचे असून त्याच्या आत नरम लोखंडाची एक पेटी होती. विमानातील उपकरणांचे चुंबकत्व ती पेटी स्वतःकडे घेई आणि घड्याळाची बारीक स्प्रिंग वाचवी.

२००२ साली जुने मोठे घड्याळ ४६ मिलिमीटरच्या रूपात, सात दिवस चालणाऱ्या यंत्रासह परतले, पण तबकडीत तारखेची खिडकी कापली गेली. २०२१ च्या ४३ मिलिमीटरच्या आवृत्तीत ती खिडकी काढून टाकली, हे उत्तम झाले. मात्र यंत्र दिसावे म्हणून मागे पारदर्शक काच आली, आणि अशी काच बसवली की लोखंडाची बंद पेटी राहू शकत नाही. मोबाईलच्या कव्हरात, स्पीकरमध्ये, पर्सच्या बकलात आज जागोजागी चुंबके असताना मोज्यांसाठी केलेली चावी जपायची आणि ही पेटी सोडून द्यायची, हा सौदा मला पटत नाही. घेणाऱ्याने दुकानात घड्याळ आधी उलटे करून पाहावे.