आधी बाटली, मग अंगठा

(दृश्य: रात्रीचे साडेदहा. चाळीतली एक खोली. भिंतीकडे तोंड करून पडलेली अडीच वर्षांची मुलगी. तोंडात दुधाची बाटली.)

बाटलीतलं दूध संपत आलंय. डोळे मघाशीच मिटलेत, ओठ मात्र अजून हलतायत. मधेच थांबतात, पुन्हा हलतात. आई हलक्या हाताने बाटली काढून घेते. मग पोरीचा उजवा हात आपणहून वर येतो आणि अंगठा तोंडात जातो.

पलीकडून आजी म्हणते, "अगं, तो अंगठा काढ आधी. दात पुढे येतील पोरीचे."

आई अंगठा काढते. मुलगी कूस बदलते. अंगठा पुन्हा आत.

या खोलीत सवयी दोन आहेत, पण बोलणं होतं ते एकीबद्दलच. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा अंगठ्यावर बोलून जातो. बाटलीबद्दल कुणी काही म्हणत नाही, कारण बाटलीत दूध आहे आणि दूध म्हणजे पोषण. खरं तर अंगठ्याला अजून वर्ष-दीड वर्षाची सवड आहे. बाटलीला तेवढी नाही.

(दृश्य: सोनोग्राफीच्या पडद्यावर पोटातलं बाळ. हात तोंडाजवळ.)

अंगठा चोखणं मूल कुणाकडून शिकत नाही. आईच्या पोटात असतानाच ते सुरू होतं, सोनोग्राफीत ते दिसतंही. चोखलं की बाळ शांत होतं. भूक, झोप, कंटाळा, अनोळखी माणसं, या सगळ्यावर त्याच्यापाशी हाताशी असलेला हा एकच उपाय. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान तो आपणहून सोडतात. खेळ वाढतात, बोलणं वाढतं, हात दुसऱ्या कामाला लागतात.

आपल्या घरांमध्ये मात्र तेवढी वाट पाहिली जात नाही. अंगठ्याला कडुलिंबाचा रस लावतात, कुणी कोरफड, कुणी मिरचीसुद्धा. मिरचीचा हात डोळ्याला लागला की काय होतं, हे ज्याने पाहिलंय तो पुन्हा लावणार नाही. "एवढी मोठी झालीस आणि अंगठा चोखतेस?" हेही एक औषधच समजलं जातं. पण ज्या घाबरण्यावर मूल अंगठा चोखतं, तेच घाबरणं आपण वाढवत असतो. मग अंगठा सुटत नाही, फक्त पांघरुणाखाली जातो.

काळजी करायची वेळ येते चौथ्या वर्षानंतर. तीही सगळ्यांच्या बाबतीत सारखी नाही. झोपताना पाच मिनिटं अंगठा नुसता तोंडात ठेवणारं मूल वेगळं, आणि तासन्‌तास गाल आत ओढून जोराने चोखणारं वेगळं. दुसऱ्या मुलाचे वरचे दात पुढे सरकतात, टाळू अरुंद होते. तोंड मिटलं तरी पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत, आणि त्या फटीतून जीभ बाहेर डोकावते. सहा-सात वर्षांच्या सुमारास पुढचे कायमचे दात येतात. त्याआधी सवय सुटली, तर झालेला बराचसा बदल आपसूक भरून निघतो. म्हणून चार ते सहा ही दोन वर्षं मदत करायची आहेत. अंगठा कधी तोंडात जातो, ते आठवडाभर नुसतं बघा. टीव्हीसमोर जात असेल तर हातात काहीतरी द्या. झोपेत जात असेल तर मुलाला विचारून हातमोजा घाला. कॅलेंडरवर चांदणी काढायची तर ती मुलाच्या हाताने काढू द्या. त्याला स्वतःला सोडावंसं वाटल्याशिवाय यातलं काहीही चालत नाही.

आता बाटली.

(दृश्य: खालून वर टॉर्च. आईचं बोट हळूच मुलीचा वरचा ओठ उचलतं.)

झोपेत तोंडातली लाळ कमी होते. जागेपणी हीच लाळ दात धूत असते, आम्ल निवळवत असते. रात्री ती ओसरली की शेवटच्या घोटाचं दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. त्यात साखर घातलेली असेल तर जंतूंची चंगळच. ते साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दातातली खनिजं काढून घेतं. दुधाच्या दाताचं कवच कायमच्या दातापेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड लवकर आत पोचते. दातात किडा वगैरे काही नसतो. खालचे पुढचे दात बहुधा वाचतात, कारण चोखताना त्यांच्यावर जीभ पसरलेली असते.

सुरुवात कुठे होते, ते फार थोड्या आईबाबांना कुणी दाखवलेलं असतं. काळा डाग फार पुढची गोष्ट झाली. आधी येते ती पांढरी, खडूसारखी निस्तेज रेघ, वरच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून. ओठाखाली झाकलेली असते म्हणून हसताना दिसत नाही. महिन्यातून एकदा उजेडात ओठ उचलून बघायचं, एवढंच. रेघ पांढरी असतानाच दवाखाना गाठला, तर फ्लोराइडचा, म्हणजे दात बळकट करणाऱ्या खनिजाचा लेप आणि घरची काळजी यांनी ती तिथेच थांबू शकते, भरूनही येऊ शकते. दाताला खड्डा पडला, की तो आपोआप भरत नाही.

पण "बाटली बंद करा" हे दवाखान्यात सांगायला सोपं आहे. ही आई दुकानात दिवसभर उभी असते, घरी यायला आठ वाजतात. भिंती पातळ आहेत. पोर रात्री रडलं की शेजारी जागे होतात, आणि पहाटे पाणी भरायला उठायचं असतं. बाटली तिने हौसेने दिलेली नाही. म्हणून वाटही टप्प्याटप्प्याने काढावी लागते. पहिल्यांदा साखर जाईल. मग झोपतानाच्या बाटलीत रोज थोडं पाणी वाढत जाईल, शेवटी नुसतं पाणीच उरेल. दूध जेवणाच्या वेळी, पेल्यातून. मग ब्रश, आणि ब्रशनंतर फक्त गोष्ट.

अंगावर पाजणाऱ्या आयांनी हे ऐकून धास्तावू नये. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवा, असंच सांगते. दात आल्यावर रात्रभर वारंवार पाजणं, दिवसभर बिस्किटं आणि दात न घासणं हे सगळं एकत्र आलं की धोका वाढतो. यातलं घासणं आणि बिस्किटं आपल्या हातात आहेत.

(दृश्य: दंतरुग्णालयाचा बालविभाग. बाकावर रांग. एक वडील हातातला कागद पुन्हापुन्हा वाचतायत.)

"पडणारच आहेत की ते दात."

या बाकावर हे वाक्य दिवसातून किती वेळा येतं, मोजायला नको. आणि ते म्हणणारा माणूस निष्काळजी नसतो. पडणाऱ्या दाताला एवढा खर्च का, हा त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर तोंडातल्या जागेवर अवलंबून आहे. दुधाचे दात वीस. पुढचे सहा-सात वर्षांचे असताना पडतात, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर तिच्यावर अजून सहा-सात वर्षं जेवायचं असतं. ती लवकर काढली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षी, कुठलाही दात न पडता, सगळ्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. बरेच जण तिलाही दुधाचीच समजतात. ती आयुष्यभराची असते.

म्हणून डॉक्टरांना बिनधास्त विचारा: हा दात आणखी किती वर्षं राहणार आहे? थांबलो तर काय होईल? दुसरा मार्ग आहे का? बऱ्याचदा असतो. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं द्रावण लावलं, तर ड्रिल न करता कीड थांबवता येते. 2021 पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मात्र किडलेला भाग कायमचा काळा होतो. लहान मुलाला भूल देऊन दात भरून घ्यायचा, की काळा डाग चालवून घ्यायचा, हे आईबाबांनी ठरवायचं आहे. पण त्यांच्यासमोर दोन्ही गोष्टी मांडायला हव्यात. नुसता खर्चाचा आकडा लिहिलेला कागद हातात ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

(दृश्य: तळहातावर तांदळाचा एक दाणा. शेजारी मुलांचा छोटा ब्रश.)

पेस्ट किती? तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्या माणसाच्या हातात. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दिसते, ती विसरा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत, पेस्टमध्ये असतं तेच फ्लोराइड बोअरच्या पाण्यातच जास्त आहे. तिथे कोणती पेस्ट वापरायची, ते पाणी तपासून डॉक्टरांकडून ठरवलेलं बरं. आणि मशेरी मुलांच्या हिरड्यांना कधीही लावू नका. ती भाजलेली तंबाखू आहे.

झोपेत दात खाणारी मुलं पुष्कळ असतात. त्याचा जंतांशी संबंध जोडून दर वेळी औषध पाजायची गरज नसते. दात येताना जोराचा ताप आला तर तो दातांचा म्हणून सोडून देऊ नका.

(दृश्य: अंगणवाडी. मुलं ओळीत उभी, "आ" करून.)

2013 च्या फेब्रुवारीत पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं, आणि त्यात दातही येतात. त्या वेळी आई बहुधा कामावर असते. पथक येऊन गेलं का, काय सांगून गेलं, हे अंगणवाडीताईंना आठवणीने विचारा. तिथून पुढे सरकारी रुग्णालयाची वाट मोकळी होते.

(दृश्य: तीच खोली. काही दिवसांनंतरची रात्र.)

टॉर्चच्या उजेडात ओठ उचलला तेव्हा दोन दातांवर पांढरी रेघ दिसली होती. आजीने चष्मा लावून ती पुन्हा पाहिली. कुणी कुणाला बोल लावला नाही.

आता आजी पाय पसरून बसलीय. याच पायांवर तिने या मुलीला तेल लावलं, न्हाऊ घातलं. आज मुलगी तशीच उताणी, डोकं आजीच्या मांडीवर, तोंड उजेडाकडे. ब्रश आईच्या हातात. मुलगी ओठ गच्च मिटते, मान फिरवते. आजी न्हाऊ घालताना म्हणायची तेच गुणगुणायला लागते. तोंड थोडं उघडतं.

ब्रश झाल्यावर पोरीचा अंगठा तोंडात जातो. आजी बघते, आणि दिवा मालवते.