पीटर्सबर्गचं शेत: फर्स्ट मेनची दहा-पंधरा मिनिटं

१८ जून १८६४. अमेरिकेतली उत्तर-दक्षिण यादवी. व्हर्जिनियातलं पीटर्सबर्ग. पलीकडे दक्षिणेच्या फौजेचे मातीचे मोर्चे, मधे उघडं शेत. अलीकडच्या खोलगट रस्त्यात, बंदुकांना संगिनी लावून, हुकमाची वाट बघणारी उत्तरेची पलटण. नाव ‘फर्स्ट मेन हेवी आर्टिलरी’, म्हणजे मेनचा पहिला जड तोफखाना. तोफा मात्र एकही जवळ नाही.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य. तिथल्या बँगोर गावी ऑगस्ट १८६२ मध्ये ही पलटण उभी राहिली, तीसुद्धा पायदळ म्हणून. मग तिला वॉशिंग्टनच्या किल्ल्यांवर नेमून तोफखाना ठरवलं. कवायत, पहारा, वेळेवर जेवण. मे १८६४ मध्ये वाइल्डरनेस आणि स्पॉटसिल्व्हेनियाच्या लढायांत उत्तरेचे सरसेनापती जनरल ग्रँट यांची हजारो माणसं कामी आली, तेव्हा ती उणीव भरून काढायला किल्ल्यांवरच्या या पलटणी बाहेर काढल्या. हॅरिस फार्मला, पहिल्याच लढाईत, मेनचे पाचशेच्या आसपास लोक ठार-जखमी झाले. तरीही तिच्याकडे नऊशे उरले होते. जुन्या पलटणींमध्ये दोनशे-तीनशे राहिले, तरी पुष्कळ म्हणायचे.

पीटर्सबर्गवर तीन दिवस हल्ले चालले होते. आता दक्षिणेचे सेनापती ली यांची फौजही आत येऊन बसली होती. संधी हातची गेली, हे खंदकातल्या शिपायाला कळलं होतं. उत्तरेचे जनरल मीड मात्र हल्ल्यावर अडून होते.

दुपारी चारनंतर फर्स्ट मेन रस्त्यातून वर आली. जमिनीला चिकटून पडलेले जुने शिपाई ओरडत होते: आडवे व्हा! त्यांनी अशा शेतांचा हिशेब आधीच चुकता केला होता. मेनची माणसं थांबली नाहीत. शेजारच्या पलटणी पुढे सरकल्या नाहीत, त्यामुळे समोरचाच नव्हे, दोन्ही अंगांचा माराही यांच्यावरच एकवटला. मोर्च्यापर्यंत कुणी पोहोचलं नाही.

११५ ठार, ४८९ जखमी, २८ बेपत्ता. एकूण ६३२. जखमींतले कित्येक पुढे इस्पितळात दगावले. टक्केवारी काढली तर अँटिएटमच्या लढाईतली दक्षिणेची टेक्सासची पहिली पलटण वरचढ निघते, २२६ पैकी १८६. पण एका पलटणीची एका लढाईतली ठार, जखमी, बेपत्ता माणसं मोजली, तर साऱ्या यादवीत मेनच्या वर कुणी नाही. मला यात शौर्याइतकाच हट्ट दिसतो, आणि तो शिपायांचा नव्हे.

पलटणीचे कर्नल डॅनियल चॅप्लिन त्या दिवशी वाचले. ऑगस्टमध्ये डीप बॉटमच्या लढाईत एका नेमबाजाच्या गोळीने ते गेले. पीटर्सबर्ग पडलं एप्रिल १८६५ मध्ये.