तुला काही झालं नाही, म्हणूनच तुझं रक्त हवंय

तो समोरचा दिवा तेवढा बंद कराल का? हं, आता बरं. गॉगल मिरवायला घातलेला नाही. चेहऱ्यातल्या कळेवर डॉक्टरांनी कार्बामाझेपिन नावाची गोळी दिली. तिसऱ्या आठवड्यात ताप आला, डोळे लाल झाले, तोंड आलं. नौपाड्यातल्या आमच्या घरी सगळ्यांनी ‘उष्णता झाली’ म्हणत सब्जा पाजला. चार दिवसांनी पाठीची कातडी चादरीला चिकटून निघाली, तेव्हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हे नाव कानावर पडलं: त्या गोळीचीच जीवघेणी रिअ‍ॅक्शन. वाचले, पण डोळ्यांतलं पाणी आटलं ते कायमचं.

पुढे संशोधनासाठी फोन आला, तर मी साफ नाही म्हटलं. पुन्हा तीच गोळी देऊन बघणार की काय! तसं कोणी करत नाही, जिवावर बेतेल. त्यांना हवं होतं थोडंसं रक्त आणि जुनी फाइल.

तैवानात २००४ साली हेच झालं. या गोळीनं असे होरपळलेले ४४ जण तपासले, तर सगळ्यांत एचएलए-बी १५:०२ नावाचा जनुकाचा प्रकार निघाला. गोळी पचलेल्या १०१ जणांत तो फक्त तिघांत होता. मग तिथे गोळी सुरू करण्याआधी ४,८७७ जणांची तपासणी केली आणि ज्यांच्यात तो प्रकार निघाला त्यांना ही गोळी दिलीच नाही. एरवी त्यांतल्या दहाएक जणांना हा आजार झाला असता. झाला एकालाही नाही. २०११ साली ते छापून आलं.

मला मात्र ते १०१ जण जास्त आवडतात. त्यांच्याशी ताडून पाहिलं, म्हणून तर फरक कळला. माझी जाऊ फिट्ससाठी हीच गोळी कित्येक वर्षं घेते. तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, “मला काय झालंय?” म्हटलं, “काही झालं नाही, म्हणूनच तुझं रक्त हवंय.” दोघी ठाण्याहून स्लो लोकलनं गेलो.

संमतीपत्र हातात आलं ते मुंगीएवढ्या अक्षरांत. डोळे पोळलेल्यांना! भाच्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं, मगच सही केली. त्याआधी तीन गोष्टी विचारल्या: रक्त कुठे ठेवणार, निकाल मला कळवणार का, आणि मधेच नको म्हटलं तर माझे उपचार अडतील का. शेवटच्याचं उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं, तो आपला हक्क आहे. निकाल आला. माझ्यात तो प्रकार नाहीच. दोन दिवस चिडचिड झाली, एवढी खटपट कशाला केली म्हणून. आपल्याकडे हा आजार झालेल्या सगळ्यांत तो सापडत नाही. दुसरं काय कारण असेल, ते शोधायला माझ्यासारख्यांचंच रक्त लागतं, हे डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

संशोधनात जायचं नसेल, तरी औषधाचा त्रास कळवता येतो: १८००-१८०-३०२४, फोन फुकट आहे. आणि गोळ्यांची रिकामी पट्टी टाकू नका, बॅच नंबर तिच्यावरच असतो. आमची केरात गेली होती. ह्यांनी रात्री डबा उपसून काढली, कांद्याच्या सालांसकट.

आता प्रश्न विचारा. फक्त आधी डोळ्यांत थेंब घालते.