सेन नदीच्या काठी, सातव्या मजल्यावर

हा पॅरिसचा पाँ नफ. १६०७ मध्ये बांधून झालेला, आणि आज शहरात उभ्या असलेल्या पुलांमध्ये सर्वांत जुना. उजव्या काठाला तो जिथे टेकतो, तिथे वरचे मजले पायरीपायरीने मागे सरलेली ही इमारत दिसते. तिच्या सातव्या मजल्यावरच्या ब्रासरीत, म्हणजे दुपार टळल्यावरही जेवण मिळणाऱ्या फ्रेंच खानावळीत, आपल्याला जायचं आहे.

१६०८ च्या सुमारास इथे पुलाला खेटून एक पंप बसवला होता. सेनचं पाणी उपसून तो राजवाड्याकडे पोहोचवायचा. त्यावर बायबलमधल्या गोष्टीतले येशू आणि विहिरीवरची सामारी स्त्री यांचं शिल्प होतं, म्हणून लोक पंपालाच 'ला सामारितेन' म्हणू लागले. १८१३ मध्ये पंप पाडला गेला. नाव मात्र राहिलं, आणि १८७० मध्ये एर्नेस्त कोन्याकनं ते आपल्या दुकानाला दिलं. दुकान वाढत गेलं. नदीकडची ही बाजू आंरी सोवाज या वास्तुविशारदानं १९२८ मध्ये उभी केली. २००५ मध्ये आगीच्या सुरक्षेचं कारण देऊन सगळं बंद झालं, ते उघडलं थेट २०२१ मध्ये. आता नदीकडच्या भागात 'शेव्हाल ब्लाँ' हे ७२ खोल्यांचं हॉटेल आहे, आणि सातव्या मजल्यावर त्याची ब्रासरी, 'ल तू-पारी'.

ब्रासरी म्हणजे मुळात बिअरचा गुत्ता. कोन्याकनं दुकान थाटलं त्याच वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं. फ्रान्स हरला, आल्झास प्रांत जर्मनीकडे गेला आणि तिथली कितीतरी माणसं पॅरिसला आली. येताना बिअर आणि आंबवलेल्या कोबीचा शुक्रूत घेऊन आली. लेओनार लिप त्यांच्यातलाच. त्याची ब्रासरी १८८० ची. दुपार टळून गेल्यावरही गरम जेवण मिळावं, ही या जागांची खासियत.

मग इतक्या श्रीमंती हॉटेलात, लिफ्टनं वर जाऊन गाठायच्या जागेला ब्रासरी म्हणावं का? आमच्या मते, निम्मंच. रस्त्याचा गलबला इथे नाही. वास्तुविशारद पीटर मरीनोनं आतली सजावट रंगांनी भरून टाकली आहे. गच्चीवरून नदी आणि पॅरिसची छपरं दिसतात. खरं सांगायचं तर बिलातला मोठा वाटा या गच्चीचाच.

पण ब्रासरीच्या जेवणाची रीत ठरलेली असते. आधी कालवं. बर्फाच्या थाळ्यात उघडी करून मांडलेली, सोबत लिंबू, बारीक चिरलेल्या छोट्या कांद्याचा व्हिनेगर, राईचा पाव आणि लोणी. कोकणातल्या माणसाला कालवं नवी नाहीत, पण ती कच्ची, शिंपल्यातल्या खाऱ्या पाण्यासकट गिळायची म्हटल्यावर तोही क्षणभर थांबतो. मागवताना आकाराचा नंबर नीट बघा: नंबर जितका मोठा, तितकं कालव लहान.

कांद्याचं सूप इथून हाकेच्या अंतरावरच्या ले आलच्या बाजारात रात्रपाळीच्या हमालांचं पोट भरायचं. बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजीसला गेला, सूप मागे राहिलं. शाकाहारी मंडळींनी मात्र विचारून घ्यावं. ते बहुधा गोमांसाच्या रश्शात शिजवतात.

आणि सोल मनिएर. आपल्या लेप्यासारखा चपटा मासा, पिठात घोळवून लोण्यात परतलेला. वेटर तो अख्खा आणून दाखवतो. मग चमच्याची कड मधल्या काट्यावरून फिरवतो, दोन्ही बाजूंचं मांस सोडवतो आणि शेपटीकडून काटा अलगद उचलतो. सबंध सांगाडा एकसंध वर येतो. ताटात उरतात मासा, लिंबू आणि तपकिरी झालेलं लोणी.

जेवणासोबत साधं पाणी आणि पाव फुकट देणं फ्रान्समध्ये बंधनकारक आहे, भपकेबाज हॉटेलातसुद्धा. 'काराफ दो' म्हणा, पाण्याचा जग येतो. कॉफी गोडानंतर. बिल मागितल्याशिवाय कुणी आणत नाही. सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात. वर चार-दोन युरो ठेवायचे की नाही, ही तुमची मर्जी.