जावयाच्या पोटातली उत्क्रांती

श्रोतेहो, नमस्कार.

उत्क्रांती म्हटलं की गाडी लगेच माकडावर येते. मग कोणीतरी विचारतंच, माकडाचा माणूस झाला तर आता का होत नाही? तो वाद आज नको. आजची माकडं आणि आपण एकाच जुन्या पूर्वजाचे वंशज, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं. आज मी बोलणार आहे दुधाबद्दल. इंदूरच्या सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, कढईत आटत असतं, त्या दुधाबद्दल.

दुधात एक साखर असते, लॅक्टोज. ती आतड्यात फोडायला लॅक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. तान्ह्या बाळाकडे ते भरपूर असतं. वासराकडे असतं, मांजरीच्या पिल्लाकडे असतं. आईचं दूध सुटलं की शरीर ही तोटी हळूहळू बंद करत आणतं. सस्तन प्राण्यांचा हाच रिवाज. म्हणजे मोठेपणी दूध पचणं हा नियम नव्हे, तो अपवाद आहे. पुन्हा सांगतो, मोठेपणी दूध पचणं हा अपवाद आहे. जगातल्या प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांत हे विकर कमी पडतं. इंदुरात राहून हे पटणं कठीण, याची मला कल्पना आहे.

आता मावशींची गोष्ट. रामबागेत आमच्या एक मावशी राहत. सख्ख्या नव्हेत, शेजारच्या. पण शेजारच्या मावश्या सख्ख्यांपेक्षा जास्त हक्क गाजवतात. थोरल्या लेकीचं लग्न झालं. जावई मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरीला दिल्लीत. पहिल्या दिवाळसणाला आले. रात्री जेवणं झाल्यावर मावशींनी पेलाभर आटीव दूध पुढं केलं. केशर, चारोळी, वर सायीचा जाड थर.

जावई हळूच म्हणाले, "मला दूध तितकंसं सोसत नाही."

आपल्याकडच्या मराठी घरात हे वाक्य कोणाला ऐकूच येत नाही. मावशी म्हणाल्या, "अहो जावईबापू, घरचं आहे. घ्या." जणू घरच्या दुधातली साखर पोटाला ओळख दाखवून सोडून देते! जावई भिडस्त. प्यायले. रात्रभर मागल्या पडवीतला दिवा लागत होता आणि विझत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी झाली, ती बिचाऱ्यांना निर्धोक पचली. (पोह्यांवर शेव आणि जिरावण नको म्हणणाऱ्या पाहुण्यांबद्दल माझी मतं फार कडक आहेत, पण ती पुन्हा केव्हातरी.) संध्याकाळी मेहुणा त्यांना सराफ्यात घेऊन गेला. कोपऱ्याकोपऱ्यावर गराडू, भुट्ट्याचा कीस, मालपुवे. जावई म्हणाले, पोट अजून जड आहे, काहीतरी हलकं घेऊ. समोर पाटी दिसली, 'शिकंजी'. दिल्लीत शिकंजी म्हणजे लिंबू, काळं मीठ, थंड पाणी. त्यांनी मोठ्या विश्वासानं एक मागवली. आली ती आपली शिकंजी! आटवलेलं दूध, सुका मेवा, केशर, चमचा उभा राहील इतकी दाट. दुकानदार वर म्हणतो, "भिया, मलाई और डाल दूँ?" मेहुणा गालात हसत गप्प बसला, आणि जावयांनी पैसे दिले आहेत म्हणून पेला संपवला. पडवीतल्या दिव्याला त्याही रात्री विसावा मिळाला नाही.

मग आला पाडवा. जेवायला श्रीखंड. चक्का घरचा, रात्रभर फडक्यात बांधून टांगलेला. आता काय होणार म्हणून सगळं घर जावयांच्या वाटीकडे बघत होतं. त्यांनी एक वाटी घेतली. दुसरी घेतली. तिसरी मागून घेतली! दुपारी छान झोपले, चार वाजता ताजेतवाने उठून चहा मागितला. मावशींनी निकाल दिला, "दूध सोसत नाही, आणि श्रीखंडाच्या तीन वाट्या सोसतात? नखरे आहेत सगळे." पुढं कित्येक वर्षं त्या घरात जावई 'नखरेवाले' म्हणूनच ओळखले गेले. हल्ली लग्नाच्या बुफेत कोणी कोणाला आग्रहच करत नाही. ताट घ्या, रांगेत उभे राहा. त्यापेक्षा मावशींचा जुलूम मला बरा वाटतो, पण तेही असो.

मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. जावयांच्या बचावाला उभा राहिलो. म्हटलं, मावशी, दह्याचं विरजण लागताना जिवाणू थोडी साखर खाऊन टाकतात. उरलेली बरीचशी चक्क्यातून गळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. चक्क्यात राहते ती जरा जराशीच. तुम्ही वर घातलेली साखर उसाची, तिला लॅक्टेज लागत नाही.

मावशी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "ते पाणी मी वाया घालवत नाही. त्यात कणीक भिजवते. पोळ्या चार खाल्ल्या त्यांनी."

बिनतोड प्रश्न होता. उत्तर असं, की थोडं लॅक्टोज, तेही जेवणासोबत, विकर कमी असलेल्या बहुतेकांनाही चालतं. रिकाम्या पोटी मोठा पेला, तिथं पंचाईत.

श्रोतेहो, वेळ थोडा उरलाय, म्हणून मुद्द्यावर येतो. भारतीय उपखंडाच्या वायव्येला वशिंडाची गुरं माणसाळून सुमारे आठ हजार वर्षं झाली. गुरं आधी आली, दूध काढायची सवय आधी आली. मोठेपणी दूध पचवण्याची ताकद पसरली ती नंतर. २००२ साली फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी या ताकदीमागची डीएनएमधली जागा शोधली: दुसऱ्या गुणसूत्रावर, लॅक्टेजच्या जनुकापासून डीएनएची सुमारे १४ हजार अक्षरं अलीकडे, 'सी' या एका अक्षराच्या जागी 'टी'. एवढ्या एका बदलानं तोटी उघडी राहते. युरोपातला हाच बदल भारतातही सापडतो. वायव्येकडे जास्त, दक्षिणेला आणि पूर्वेला कमी. केनिया, टांझानिया, सुदानच्या गुराख्यांत मात्र अक्षरं वेगळी बदललीत, परिणाम तोच.

दूध पिऊन पिऊन कोणाचं अक्षर बदललं नाही, हे नीट ऐका. बदल आधीच कोणाकोणात चुकून झालेला होता. दुधाच्या मुलखात त्यांची मुलं जास्त जगली, म्हणून तो पसरला. यालाच नैसर्गिक निवड म्हणायचं. मावशी म्हणत, "रोज थोडं प्या, सवय होईल." त्यात थोडं तथ्य आहे, मोठ्या आतड्यातले जिवाणू थोडेफार जुळवून घेतात. पण ती सवय पोराबाळांत उतरत नाही.

मुलं जास्त का जगली, यावर २०२२ साली एक मोठा अभ्यास आला. युरोपातल्या प्राचीन खापरांवरचे दुधाच्या चरबीचे अंश आणि जुन्या हाडांतला डीएनए त्यात ताडून पाहिला होता. हा बदल सर्रास होण्यापूर्वी हजारो वर्षं लोक दूध वापरतच होते. अभ्यासकांचा अंदाज असा, की एरवी पोटातल्या गुडगुडीनं कोणी मरत नव्हतं. दुष्काळात आणि रोगराईत, अशक्त शरीराला दुधानं जुलाब झाले की जीव जायचा. मंगोलियात तर आजही दुधावर जगणाऱ्या बहुतेकांत हा बदल नाही. ते दूध आंबवून घेतात, आपण विरजण लावतो तसं. जिथं स्वयंपाकघरानंच काम केलं, तिथं निवडीचा रेटा कमी पडला. माझ्या मते दह्याचा शोध चाकाच्या बरोबरीचा आहे. पिशवीतल्या तयार श्रीखंडाला मात्र मी त्या यादीत घेणार नाही.

जावयांची लेक, म्हणजे मावशींची नात, आता कॉलेजात आहे. सराफ्यात कढईजवळ उभी राहून पेलाभर दूध पिते आणि शांत झोपते. मावशी म्हणतात, आमच्या घराण्यावर गेली. शास्त्रही त्यांच्याच बाजूनं बोलतं. या बदलाची एक प्रत आईकडून मिळाली तरी पुरते, वडिलांकडची लागत नाही. फक्त आईकडे दोन्ही प्रती तशा असतील तर लेकीला ती नक्की मिळते. एकच असेल तर मिळण्याची शक्यता निम्मी. हे निम्म्याचं मी मावशींना अजून सांगितलेलं नाही.

नमस्कार.